रकानेवाले सर

विद्यापीठाच्या कुठल्याही विज्ञान विभागात तीन गोष्टी हमखास सापडतात: बंद पडलेला एक सेंट्रिफ्यूज, किल्ली हरवलेलं एक लोखंडी कपाट आणि संशोधक विद्यार्थ्यांचे समन्वयक. पहिल्या दोन गोष्टींची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते. तिसरी गोष्ट इतरांच्या नोंदी ठेवते.

समन्वयक हे तसं पद नाही. त्याला जादा भत्ता नाही, वेगळी खोली नाही, दारावर पाटी नाही. विभागाच्या बैठकीत ‘जेआरएफच्या पोरांचं कोण बघणार?’ असा प्रश्न निघतो, सगळे एकदम मोबाईलमध्ये डोकं घालतात आणि ज्याच्या मोबाईलची बॅटरी संपलेली असते तो समन्वयक होतो. आमच्या सरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मोबाईलला भरपूर चार्जिंग होतं आणि तरी त्यांनी हात वर केला. असा हात दिसला की खरं तर सावध व्हायला हवं. पण त्या दिवशी आम्हा बाकीच्या शिक्षकांना नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

सरांचा वेष ठरलेला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला टक्‌टक्‌ करून रंग बदलणारं चार रंगांचं पेन आणि घड्या घालून घालून कोपऱ्यांत फाटलेलं वेळापत्रक. त्याची मूळ प्रत विभागाच्या नोटीसबोर्डावर, ए-थ्री आकारात, लॅमिनेट करून, चार कोपऱ्यांना चार स्क्रू मारून बसवलेली. टाचणी सरांना चालत नाही. टाचणीचा कागद कुणीही काढू शकतं, असं त्यांचं म्हणणं.

एक्सेल हा त्यांचा श्वास. मुलीच्या लग्नाची पंगतसुद्धा त्यांनी एक्सेलमध्ये बसवली होती. कुठला वाढपी कितव्या मिनिटाला कुठल्या ओळीत वरण घेऊन पोचेल, इथपर्यंत. लग्न मुहूर्तावर लागलं. फोटोग्राफर तेवढा उशिरा आला. त्याचा रकाना आजही लाल आहे आणि सर तो पाहुण्यांना दाखवतात.

तर विभागातल्या डझनभर संशोधक विद्यार्थ्यांचा आठवडा सरांनी रंगवला. प्रयोगशाळा निळी, वाचन पिवळं, अध्यापन हिरवं, विभागीय काम केशरी आणि शनिवारी दुपारी ३ ते ५ ‘व्यावसायिक विकास’, तो गुलाबी. महिन्याभरात या रंगांनी विभागाची भाषा बदलली. ‘आज तुझं काय?’ असं विचारलं की पोरं ‘दुपारपर्यंत निळा, मग केशरी’ असं सांगू लागली. कार्यालयातले शिपाईमामा तर एकदा विभागप्रमुखांना म्हणाले, ‘साहेब, तो लातूरचा पोरगा आता पिवळ्यात आहे, पण हाक मारली तर येईल.’

पिवळ्यातला माणूस हाक मारली की येतो, हे मामांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सरांना ते अजून कळायचंय.

ज्यांचा हा आठवडा रंगवला जातो ते जेआरएफ म्हणजे नेमके कोण, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण खुद्द त्यांनाही ते ठाऊक नसतं. नेट परीक्षेत वरचे गुण मिळवले की कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे; दोन वर्षांनी काम तपासून वरिष्ठ केलं की ४२,०००. गावाकडे पेढे वाटले जातात, ‘पोरगं विद्यापीठात लागलं’ म्हणून स्थळं येऊ लागतात. आणि इथे आल्यावर पोराला कळतं की आपण लागलेलो नाही, आपल्याला फक्त बसवलंय. बँकेत कर्जाला गेला, तर तो विद्यार्थी, कारण ही पाठ्यवृत्ती, पगार नव्हे. पीएफचं विचारलं, तरी विद्यार्थी. पण प्रयोगशाळेतल्या बाटल्या मोजायच्या झाल्या की तो कर्मचारी. दिवाळीत वर्गातली पोरं गावी निघाली की हाही बॅग भरतो, तेव्हा सर नियम काढतात: फेलोला सार्वजनिक सुट्ट्यांखेरीज वर्षाला ३० दिवस रजा, तीही मंजूर करून घेऊन; उन्हाळी-दिवाळी सुटी त्याला लागू नाही. एकच माणूस, पैसे द्यायचे असतील तेव्हा विद्यार्थी आणि काम द्यायचं असेल तेव्हा नोकर. या दुहेरी नागरिकत्वाचा सरांइतका सखोल अभ्यास दुसऱ्या कुणाचा नसेल.

नियम सरांना तोंडपाठ. विद्यापीठ अनुदान आयोगाची नोव्हेंबर २०२२ ची पीएच.डी. नियमावली त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असते. त्यात लिहिलंय की संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापनाचं किंवा संशोधनसाहाय्याचं काम देता येईल: ट्यूटोरियल, प्रात्यक्षिकं, मूल्यमापन वगैरे. ‘देता येईल’ असं लिहिलंय, ‘द्यावेच’ असं नाही. पण ते सोडा. सरांच्या प्रतीत ‘आठवड्याला’ हा शब्द जरा पुसट छापला गेला असावा. बीएस्सीची प्रात्यक्षिकं सोमवारी चार तास, मंगळवारी सहा. बुधवारी आमच्या एका फेलोने धीर करून विचारलं, ‘सर, सहा झाले ना?’ सर प्रेमाने म्हणाले, ‘झाले की! आता मूल्यमापनाचे राहिले.’

मूल्यमापन म्हणजे कॅप. केंद्रीय मूल्यमापनाच्या हॉलमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडायचे, मोजायचे, पुन्हा बांधायचे. सुतळीची गाठ एका हाताने कशी मारायची, हे कौशल्य आमच्या विभागातल्या प्रत्येक डॉक्टरेटच्या हातात आहे. प्रबंधात तेवढं त्याला स्थान मिळत नाही.

हजेरीचंही सांगायला हवं. कार्यालयात मस्टर आहे, ते प्रशासकीय. दाराशी बोट लावायचं यंत्र आहे, ते शासकीय. सरांनी स्वतःची वही काढली, ती शैक्षणिक. साडेदहाला तीन सह्या, साडेपाचला तीन सह्या. एका मुलीचं बोट ॲसिडने पोळलं, तेव्हा यंत्राने तिला ओळखायला नकार दिला, मस्टरवाल्या भाऊसाहेबांनी ‘यंत्र म्हणेल ते’ असा पवित्रा घेतला आणि फक्त सरांच्या वहीमुळे ती त्या आठवड्यात हयात असल्याचं सिद्ध झालं. तेव्हापासून वहीची थट्टा करायची सोय राहिली नाही.

पण रकान्यांचा खरा सामना झाला तो जिवाणूंशी.

सांगलीकडची एक मुलगी ई. कोलायच्या वाढीचा आलेख काढत होती. फ्लास्क शेकरमध्ये ३७ अंशांवर हलतोय, दर अर्ध्या तासाला थोडं द्रावण काढायचं, स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ६०० नॅनोमीटरला ते किती गढूळ झालंय ते मोजायचं, वहीत बिंदू मांडायचा. या जिवाणूचं तंत्र असं की नव्या द्रावणात टाकल्यावर तो आधी काही काळ सुस्त पडून राहतो, आणि एकदा मनावर घेतलं की साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. ती जोराची वाढ पकडणं हाच सगळा प्रयोग. ती निसटली की रात्रीपासून पुन्हा सगळं मांडायचं. त्या दिवशी आदल्या रात्रीचं विरजण थोडं जुनं झालं होतं की काय कोण जाणे, स्वारी दुपारपर्यंत हललीच नाही. तीनला वाढ सुरू झाली आणि तीनलाच सर दारात उभे राहिले.

‘अगं, सेमिनार हॉलमध्ये बैठक आहे. चल.’

‘सर, रीडिंग चालू आहेत. दर अर्ध्या तासाला घ्यायची आहेत.’

‘मग दोन रीडिंगच्या मध्ये ये. बैठक पंचवीस मिनिटांचीच आहे.’

आजवर विद्यापीठात पंचवीस मिनिटांत एकही बैठक संपलेली नाही, हे ती बोलली नाही. सांगलीची असली तरी फेलो होती. सरांनी खिशातून घडी काढून उलगडली.

‘हा प्रयोग तक्त्यात कधी आहे?’

‘आजच, सर. मंगळवार.’

‘किती ते किती?’

‘अकरा ते एक.’

‘आणि आता वाजले तीन. म्हणजे तू वाढवत बसलीयस.’

‘मी नाही सर. ते वाढतायत.’

सर रागावले नाहीत. त्यांना रागावता येत नाही, हीच खरी अडचण. त्यांनी पेन टक्‌ केलं, तांबडा रंग काढला आणि मंगळवारच्या निळ्या रकान्यात ‘ई. कोलाय – विलंब, कारण द्यावे’ असं टिपून घेतलं. मग बैठकीला गेले. मुलगी थांबली, आलेख आला, छान आला. पण शुक्रवारी तिला खुलाशाचा अर्ज द्यावा लागला आणि त्यात ‘सदर जिवाणू सकाळी सुस्त असल्याकारणाने’ असं लिहावं लागलं. तो अर्ज आवक क्रमांकासह आजही फायलीत आहे.

कुणी म्हणेल, प्रयोगशाळेत कधी न गेलेला हा कुणी कारकून दिसतो. तसं नाही. सर स्वतः बुरशीवाले. तरुणपणी कोयनेच्या रानात भर पावसात ओंडके उलटेपालटे करत हिंडलेले. बुरशी सवडीने उगवते, सवडीने मरते आणि मधल्या काळात माणसाकडे ढुंकून बघत नाही, हे त्यांना आपल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक. मी एकदा चहा घेताना विचारलं, ‘सर, तुम्हाला कुणी असा तक्ता करून दिला असता तर?’

‘तर माझी पीएच.डी. सात वर्षं लांबली नसती,’ सर म्हणाले.

मग कळलं ते असं. सरांच्या गाईडना वेळापत्रक ही गोष्टच मान्य नव्हती. संशोधन मुक्त असावं, असं ते म्हणत आणि मुक्त संशोधकाला मंडईत पाठवत. सरांनी सात वर्षांत गाईडच्या घरचं विजेचं बिल भरलं, मुलाला क्लासला सोडलं, गॅसच्या नंबरासाठी रांगेत उभे राहिले आणि एका पावसाळ्यात त्यांच्या बंगल्याची गच्ची गळते कुठून हे शोधून काढलं. ते बुरशीवरूनच शोधलं, त्यामुळे वेळ अगदीच वाया गेला असंही म्हणता येत नाही. सातव्या वर्षी पदवी हातात आली, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या हाताखाली पोरं आली तर त्यांच्या प्रत्येक तासाला नाव द्यायचं. नाव असलेला तास कुणी चोरू शकत नाही.

खरं सांगायचं तर निम्मं त्यांना साधलं. तक्ता बोर्डावर लागल्यावर आमच्या विभागातल्या गाईड मंडळींनी पोरांना बँकेत पाठवणं बंद केलं. पोरगं नम्रपणे म्हणे, ‘सर, मी आत्ता निळ्यात आहे,’ आणि गाईड मुकाट्याने आपलं पासबुक उचलत. उपकरणांच्या पाळ्या लागल्या. पूर्वी पीसीआर मशीनवर ‘कृपया बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून लोक दोन-दोन दिवस गायब होत. चिठ्ठी हेच बुकिंग असे. सरांनी तासांचे रकाने पाडले, भांडणं थांबली. नवीन मुलीला पहिल्याच आठवड्यात मशीन मिळू लागलं. हे पूर्वी तीन वर्षांनी मिळे, तेही चिठ्ठीवाला लग्न करून निघून गेला तर.

आणि पैशांच्या बाबतीत सर म्हणजे सर. पाठ्यवृत्ती आपोआप येते, असा बाहेरच्यांचा समज असतो. ती आपोआप येत नाही. दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर सांगावं लागतं की हा विद्यार्थी या महिन्यात इथे होता, काम करत होता. एकाने माहिती भरायची, तो ‘मेकर’. दुसऱ्याने तपासून मान्य करायची, तो ‘चेकर’. या दोघांपैकी एकजण रजेवर गेला की डझनभर पोरांची मेस थकते. मेकर कुठला आणि चेकर कुठला, कुणाचा पासवर्ड कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, घरभाडं भत्त्याचा कागद कुठे अडलाय, हे सगळं सरांच्या दुसऱ्या एका शीटमध्ये. महिनाअखेर ते त्या दोन टेबलांच्या मध्ये जाऊन खुर्ची टाकून बसतात आणि मान्यता पडल्याशिवाय उठत नाहीत. एका वर्षी चेकर लेकाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. सर संमेलनात गेले, पहिल्या रांगेत त्यांच्याशेजारी बसले आणि दोन नाचांच्या मध्ये त्यांच्याकडून ओटीपी घेतला.

विभागातली एक मुलगी बाळंतपणाला निघाली, तेव्हा ‘आता पीएच.डी. सोडावी लागेल का?’ असं रडत विचारत होती. सरांनी काचेखालून नियमावली काढली: संशोधक विद्यार्थिनीला पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा घेता येते. अर्ज त्यांनीच लिहिला, टिपणी त्यांनीच फिरवली, मंजुरी घरी पोचवली. मुलगी परत आली तेव्हा तिच्या रकान्यांत दुपारी एक ते दोन कुठलाही रंग नव्हता. नुसतं लिहिलं होतं, ‘घरी’.

म्हणजे रकान्यात जे मावतं त्यात सर वाकबगार: तारीख, रजा, पैसे, पाळी. घोटाळा सगळा गुलाबीत झाला.

तो तास सरांनी फार मायेने काढला होता. पोरं पाच-सहा वर्षं एकाच विषयात गाडून घेतात, बाहेर पडतात तेव्हा त्यांना मुलाखत देता येत नाही, शोधनिबंध लिहिता येत नाही, वर्गासमोर उभं राहता येत नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून शनिवारची दुपार. पहिल्या शनिवारी संख्याशास्त्र विभागातल्या एका बाई आल्या आणि ‘पी-व्हॅल्यू म्हणजे काय नसते’ यावर बोलल्या. पोरं सहा वाजले तरी उठेनात. दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी आपापल्या निबंधाचा एकच परिच्छेद आणला आणि दोन तास तो एकमेकांकडून खरडून घेतला. तिसऱ्या शनिवारी ग्रंथपालांनी झोटेरोत संदर्भ कसे साठवायचे ते दाखवलं. चौथ्या शनिवारी परीक्षा विभागाचं पत्र आलं.

पत्र असं: ‘आपल्या विभागाच्या वेळापत्रकाचे अवलोकन केले असता, शनिवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत संशोधक विद्यार्थी उपलब्ध असल्याचे दिसून येते. तरी त्यांच्या सेवा पर्यवेक्षणासाठी उपलब्ध करून द्याव्यात.’

सर चक्रावले. सगळा दोष रंगाचा. निळ्यातून माणूस काढला तर काम अडतं, हिरव्यातून काढला तर वर्ग अडतो, केशरीतून काढला तर विभागप्रमुख अडतात. गुलाबीतून काढला तर फक्त तो माणूस अडतो, आणि ते पाच वर्षांनी कळतं. पूर्वी पोरं शनिवारी दुपारी काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणी मागतही नव्हतं. आता तासाला नाव मिळालं, पत्ता मिळाला आणि मागणाऱ्यांची रांग लागली. परीक्षा विभागानंतर विद्यापीठाच्या मूल्यांकनाचे नॅकवाले आले. सात निकषांच्या सात फायली, प्रत्येक फायलीत कार्यक्रमांचे फोटो आणि फोटोवर अक्षांश-रेखांश हवेत. मग एनएसएस, मग पदवीदान समारंभाच्या खुर्च्या. ‘गुलाबी’ या शब्दाचा अर्थ वर्षभरात विभागात पार पालटला. ‘कुठे निघालास?’ ‘गुलाबीला.’ ‘काय आहे?’ ‘सतरंज्या.’

सरांनी हार मानली नाही. एका शनिवारी ‘संशोधकांसाठी ताणतणाव व्यवस्थापन’ असं व्याख्यान ठेवलं. पाहुणे मोठे होते, हॉल भरला होता. मी मागे बसलो होतो, म्हणून मला दिसलं ते सांगतो. लातूरचा मुलगा नोंदणीच्या टेबलावर. सांगलीची मुलगी पुष्पगुच्छ घेऊन पडद्यामागे. एकजण प्रोजेक्टरच्या वायरशी झटापट करत. एकजण अक्षांश-रेखांशवाले फोटो काढत. दोघं चहाच्या थर्मासशी, एक पाहुण्यांच्या गाडीशी, एकजण बाहेर प्रमाणपत्रांवर नावं घालत. ज्यांच्यासाठी व्याख्यान होतं त्यातला एकही खुर्चीत नव्हता. खुर्च्यांत एमएस्सीची पोरं बसवली होती, त्यांना अजून ताण सुरू झालेला नव्हता. शेवटी आभार मानताना ‘ज्यांच्या अथक परिश्रमांमुळे हा कार्यक्रम यशस्वी झाला ते आमचे संशोधक विद्यार्थी’ असा उल्लेख झाला आणि टाळ्या पडल्या. तेव्हा ते सगळे खुर्च्यांच्या चळती लावायला सुरुवात करत होते.

अशात डिसेंबरात आमचा एक माजी विद्यार्थी आला. तो ब्रिटनमध्ये पोस्टडॉक करतो. चहावर सहज म्हणाला, की तिकडे संशोधकांच्या करिअरविषयी विद्यापीठांनी मिळून केलेला एक जाहीरनामा आहे, २०१९ मध्ये तो नव्याने केला, आणि त्यात संशोधकाला वर्षाला किमान १० दिवस व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय.

सरांचे डोळे चमकले. ‘दहा! मग सही कुठे करता?’

‘सही नसते, सर.’

‘मग दहा झाले, हे कळतं कसं?’

‘मला कळतं ना. अधूनमधून प्रोफेसरांशी बसून बोलणं होतं. यंदा मी थोडे दिवस प्रोग्रॅमिंग शिकलो, दोन दिवस दुसऱ्या एका लॅबमध्ये जाऊन बसलो.’

‘आणि उरलेले?’

‘अजून ठरवलं नाही.’

‘ठरवलं नाही’ हे ऐकून सरांनी चहाचा कप खाली ठेवला. पाहुणा गेल्यावर ते बराच वेळ आपल्या तक्त्याकडे बघत होते. मला वाटलं, काहीतरी उमगलं. उमगलं होतंच. पुढच्या दिवाळीत आमच्या विभागात ‘दहा दिवसीय व्यावसायिक विकास अभियान’ झालं: पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, अभिप्राय पत्रक, रोज दोन वेळा सही. दिवाळीत का, तर विद्यार्थ्यांचे वर्ग नसतात, हॉल मोकळा असतो आणि फेलोंना दिवाळीची सुटी नियमाप्रमाणे लागूच नाही. पाडव्याच्या दिवशीचं सत्र होतं ‘काम आणि कुटुंब यांचा समतोल’.

त्या अभियानाच्या अभिप्राय पत्रकात शेवटी ‘सूचना’ अशी एक ओळ होती. आजवर तिथे ‘चहा गरम असावा’ याच्यापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. सांगलीच्या मुलीने लिहिलं: ‘आठवड्यातले दोन तास कृपया रिकामे ठेवावेत.’

सूचना सरांनी गांभीर्याने घेतली. ते प्रत्येक सूचना गांभीर्याने घेतात. नवं सत्र सुरू झालं, तेव्हा बोर्डावर नवा तक्ता स्क्रू मारून बसला. गुरुवारी चार ते सहा हा रकाना पांढरा होता, आम्ही सगळे बघायला जमलो. जवळ गेल्यावर दिसलं की तो पांढरा नाही, फिका करडा आहे आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलंय: ‘रिकामा वेळ (अनिवार्य. सही आवश्यक).’

पोरं हसली. पण दर गुरुवारी चारला जाऊन सरांच्या वहीत सही करू लागली आणि सहाला पुन्हा. सही करून काय करायचं, हे तक्त्यात लिहिलेलं नसल्यामुळे ती सरांच्या टेबलाभोवतीच घुटमळायची. सरांनाही त्या वेळात दुसरं काही नेमून दिलेलं नव्हतं. एका गुरुवारी लातूरच्या मुलाने कुंडीत उगवलेली एक बुरशी त्यांना दाखवली. सरांनी भिंग काढलं. साडेसात वाजले तरी दहा-बारा डोकी त्या कुंडीवर वाकलेली होती आणि सर कोयनेच्या पावसातली एक गोष्ट सांगत होते. सहाची सही करायची राहिली. सगळ्यांचीच. विभागात ‘व्यावसायिक विकास’ नावाचं काही घडताना मी पाहिलं असेल तर ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सरांनी वहीत त्या सगळ्या सह्यांपुढे ‘विसरले’ असा शेरा मारला. स्वतःच्या नावापुढेही.

ज्यांच्या हाती असा तक्ता आहे, त्यांना म्हणूनच एक विनंती. फेलोशिपची मान्यता कधी पडणार, रजा किती उरली, मशीनवर पाळी कुणाची, हे रंगवा आणि भडक रंगवा. त्या रंगांवर पोरांची मेस चालते. शिकवण्याचे तास सहाच्या आत ठेवा, आणि नियमात ‘आठवड्याला’ हा शब्द आहे, तो वाचा. पण जो वेळ पोरांच्या स्वतःच्या वाढीसाठी काढाल, तो बोर्डावर लावू नका. परीक्षा विभागाला कळवू नका. त्याला नाव देऊ नका, फोटो काढू नका आणि सही तर मुळीच मागू नका.

हे सगळं मी सरांनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हिरव्या रंगात टिपून घेतलं आणि म्हणाले, ‘मुद्दा रास्त आहे. पुढच्या बैठकीत ऐनवेळच्या विषयांत घेऊ.’

बैठक गुरुवारी चारला आहे.